टाकून द्या

माईंचा पाळणा ध्वनिमुद्रित करण्यातून नीलकंठराव दप्तरदारांना काय मिळणार होतं, ते आधीच मांडून ठेवलेलं बरं. नाहीतर पुढे लोक म्हणतात, भावानं बहिणीच्या मायेपोटी केलं. माया होतीच, ती कुणी नाकारत नाही. पण जमेच्या बाजूला ती एकटी नव्हती. देवासात गेली काही वर्षं नीलकंठरावांना मागून 'लिनक्समास्तर' म्हणत, आणि त्या म्हणण्यात आदर नव्हता. पाळणा नीट उतरला असता तर नातवंडाच्या बारशाला जमलेल्या साऱ्या मराठी मंडळींसमोर तो स्पीकरवर वाजला असता, आणि "हे फुकटच्या सिस्टिमवर केलंय बरं का," हे वाक्य त्यांना चहा ढवळता ढवळता सहज सोडून देता आलं असतं. उमाबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, तारांच्या पसाऱ्यानं भरलेली मागची खोली परत मागणं थांबवलं असतं. आणि पुण्याला कळवता आलं असतं. हे शेवटचं सगळ्यात मोठं. माळव्यातल्या मराठी माणसाच्या घरात बाकी कशाची चणचण असो नसो, पुण्याहून आलेल्या शाबासकीची नेहमीच असते.

खर्चाच्या बाजूला एकच गोष्ट होती, माईंचा आवाज. तोही शेवटचाच.

माई म्हणजे नीलकंठरावांची थोरली बहीण. धारच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, लग्न न केलेल्या, दोन खोल्यांच्या घरात एकट्या राहणाऱ्या. पण धार, देवास, इंदूरकडच्या मराठी घरात मूल व्हायचं असलं की पहिला निरोप सुइणीच्या काळी सुइणीला जायचा आणि दुसरा माईंना. त्यांच्या आजीकडून त्यांच्याकडे आलेला एक पाळणा होता. 'धारेच्या तळ्याला झोप आली गं, ओढ हळू दोरी', असं त्याचं ध्रुवपद. मग घरातल्या एकेकाला झोप येत जाते: मामाच्या घोड्याला, आत्याच्या कांकणांना, देवापुढच्या समईला. ध्रुवपद सगळ्या बायकांना येई. मधली कडवी आणि त्यांची वळणं फक्त माईंना. कुणी लिहून मागितली तर माई म्हणत, "कागदावर पाळणा निजतो, मूल निजत नाही." आणि त्यांची एक खोड होती. हातात दोरी असल्याशिवाय त्यांना तो गाताच येत नसे. नुसतं 'म्हणून दाखवा' म्हटलं की दुसऱ्याच ओळीला अडखळत.

त्या माईंच्या घशात गाठ निघाली. इंदूरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. माणूस राहील, आवाज राहणार नाही. भरती व्हायचा दिवस ठरला. इकडे नीलकंठरावांची मुलगी मधुवंती पहिल्या बाळंतपणाला देवासला माहेरी आलेली, दिवस भरत आलेले. ती रडली नाही, तिनं एवढंच सांगितलं, "माझ्या बाळाला आत्याचाच पाळणा पाहिजे."

"मिळेल," नीलकंठराव म्हणाले. "मी मुद्रित करतो."

"बाबा, मुद्रित बिद्रित काही नको. मयूदादा धारला जाणारच आहे, फोनवर घेऊन येईल."

"फोनवर? त्यात माईचा आवाज येईल की गल्लीतल्या कुत्र्याचा?"

"दोघांचा येईल. पण येईल तर."

उमाबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "कुत्र्याचा आला तरी चालेल गं. यांच्या यंत्रातून आजवर यांच्या खोकल्याखेरीज काही बाहेर पडलेलं मी ऐकलं नाही."

हे थोडं अन्यायाचं होतं. नीलकंठरावांनी मेहनत घेतली होती. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झाल्यावर लोक टेकडीवर फिरायला जातात; ते लिनक्सकडे, कंप्यूटर चालवणाऱ्या त्या फुकटच्या सिस्टिमकडे, गेले. कुणाची मालकी नाही, कुणाला विचारायला नको, आत काय चाललंय ते उघडून पाहता येतं, याचं त्यांना मनापासून अप्रूप. गाणी मुद्रित करायचं एक सॉफ्टवेअर त्यांनी त्यावर चालवलं. पहिले काही महिने आवाज फुटाणे भाजल्यासारखा तडतडत आला. ती तडतड कुठून येते ते शोधत ते जगभरच्या अनोळखी लोकांशी पत्रव्यवहार करत राहिले आणि शेवटी ती त्यांनी घालवली. मग त्यांच्या ध्यानात आलं की ह्या सॉफ्टवेअरला मराठी येत नाही. खुल्या सॉफ्टवेअरची गंमत अशी की ज्याला खटकतं त्यानंच ते करायचं. नीलकंठराव बसले आणि एका हिवाळ्यात सगळं सॉफ्टवेअर मराठीत आणलं. आवाज बंद करायच्या बटणाला 'मौन'. उशिराला 'विलंब'. साठवून ठेवायला 'जतन करा'. नको असलेलं फेकायला 'टाकून द्या'. ते सगळं तपासणारे पुण्याचे एक गृहस्थ होते. त्यांनी लिहिलं, 'देवाससारख्या ठिकाणी राहून इतकी निर्मळ मराठी!' हे वाक्य नीलकंठरावांनी उमाबाईंना दोनदा वाचून दाखवलं. 'देवाससारख्या ठिकाणी' हे शब्द दोन्ही वेळा त्यांना टोचले नाहीत.

आता हा मयूदादा, म्हणजे मयुरेश. नीलकंठरावांच्या धाकट्या भावाचा मुलगा, देवासच्या एका कारखान्यात नोकरीला, स्वभावानं गरीब. शिक्षण सगळं हिंदीतून. मराठी बोले ती घरातली. वाचायची वेळ आली की अक्षरं ओळखीची आणि शब्द परके, असा त्याचा मामला. नीलकंठराव त्याला "आमचा हिंदीभाषी प्रांत" म्हणत. त्याला ह्या व्यवहारात काहीच मिळायचं नव्हतं. त्याच्याकडे लॅपटॉप होता आणि मित्राची गाडी मागून आणायची सोय होती, म्हणून तो यात आला. जमेच्या बाजूला ज्याचं नाव नसतं, खर्चाच्या बाजूला तो आधी सापडतो.

लॅपटॉप कारखान्याचा होता, त्यात काही घालायला मनाई. नीलकंठरावांचा स्वतःचा कंप्यूटर कपाटाएवढा. पण त्यांच्याकडे उत्तर होतं. काळ्या रंगाच्या एका पेनड्राइवमध्ये त्यांनी सगळी सिस्टिम बसवून आणली होती, सॉफ्टवेअरसकट, मराठीसकट.

"हा लावायचा, ह्याच्यावरच सगळं चालतं. तुझ्या कंपनीच्या मशीनला पत्ता लागत नाही. बंद केलं की मागं काही उरत नाही. अशी स्वच्छ."

"आणि गाना कुठे जाईल, काका?"

"गाना नाही. गाणं. हा लाल पेनड्राइव रिकामा आहे. गाणं झालं की शेवटी बंद करताना एक चौकट येईल, तेव्हा ह्या लालमध्ये टाकून दे. बस."

"ठीक. लालमध्ये टाकून देतो."

इथं थोडं थांबायला हवं. नीलकंठराव लिहीत पुण्याची मराठी, पण बोलत देवासची. देवासात हिंदीतल्या 'डाल दो'च्या वळणानं आपण सगळेच म्हणतो, डब्यात टाकून दे, बँकेत टाकून दे, मुलाला त्या शाळेत टाकून दे. यात काही फेकलं जात नाही, ठेवलं जातं. हे नीलकंठरावांना माहीत नव्हतं असं नाही. स्वतःच्या तोंडून काय निघतं तिकडे लक्ष द्यायची त्यांना सवय नव्हती, इतकंच.

काका-पुतणे धारला पोचले तेव्हा माईंनी दार उघडून बोट ओठांवर ठेवलं. डॉक्टरांनी बोलायला मना केलं होतं. एकदा गा, फार तर एकदा, अशी परवानगी त्यांनी मोठ्या मुश्किलीनं मिळवली होती. आवाज घोगरा झालेला, पण आत खाली कुठेतरी तो जुना पोत शाबूत होता.

खोलीत रजया टांगल्या, पंखा बंद केला. मयुरेशनं माइक उभा केला. नीलकंठरावांनी मराठी बटणं एकेक करून दाखवली आणि माई कौतुकानं बघत राहिल्या. मग माईंनी रिकामे हात वर करून दाखवले.

"काय हवं?"

"दोरी," माई हळूच म्हणाल्या.

"माई, कानात ठोका देतो ना मी. यंत्र ठोका देतं. अगदी अचूक."

"नीळू, तुझ्या ठोक्यानं मूल दचकेल."

शेवटी मयुरेशनं परकराची एक नाडी शोधून आणली. खाटेखालून एक रिकामी परात ओढून तिच्या कडीला ती बांधली आणि परातीत उशी ठेवली, म्हणजे ओढायला काहीतरी ओझं. माईंनी ती ओढून पाहिली, मान हलवली. "मयू शहाणा आहे," त्या म्हणाल्या. "ह्याला वाचायला लावू नका, एवढंच."

मग त्या गायल्या. तळ्याला झोप आली. मामाच्या घोड्याला आली. कांकणांना आली, समईला आली. परात फरशीवर हलकी सरकत होती आणि तो आवाजही गाण्यात येत होता, नीलकंठरावांनी तो थांबवला नाही. शेवटच्या कडव्यापर्यंत त्यांना आजवर कुणी लक्ष देऊन ऐकलेलं नव्हतं, कारण तोवर बारशात पेढे फिरू लागत. ते कडवं असं होतं: साऱ्यांना झोप आली, दोरी ओढणारीला झोप नाही गं. तिथं आवाज चिरला, माईंनी तो सावरला, आणि संपवलं.

मग खोकल्याची उबळ आली. ती थांबेना. नीलकंठराव त्यांना धरून आतल्या खोलीत घेऊन गेले, पाणी तापवायला ठेवलं, पाठ चोळू लागले. तेवढ्यात वीज गेली. लॅपटॉपची बॅटरी जुनी, तो लगेच कुरकुरायला लागला.

मयुरेशनं बाहेरून विचारलं, "काका, बंद करू का? बॅटरी चाललीय."

"कर, कर. नीट कर."

चौकट आली. 'मुद्रण अजून जतन केलेले नाही.' खाली तीन बटणं.

"काका, तो बॉक्स आलाय. क्या करूं?"

आत माईंचा जीव वरखाली होत होता. नीलकंठराव ओरडले, "अरे, वाच ना. मराठीतच आहे. माणसाला कळेल असंच लिहिलंय मी."

मयुरेशनं वाचलं. एकेक अक्षर लावून वाचलं. हिंदीत जतन म्हणजे खटपट, मेहनत. अजून जतन केलेले नाही: म्हणजे अजून मेहनत झाली नाही. जतन करा: म्हणजे आणखी मेहनत करा, पुन्हा एकदा घ्या. आतून खोकल्याचा आवाज येत होता. त्या पोरानं मनात म्हटलं, नाही, माईंना आता परत गायला लावायचं नाही, जसं आलं तसं आलं. आणि शेजारीच, सकाळी काकांनी सांगितले होते तेच शब्द होते. टाकून द्या.

त्यानं दयेपोटी ते बटण दाबलं. चौकट गेली. त्यानं लॅपटॉप बंद केला आणि काळा आणि लाल, दोन्ही पेनड्राइव नीट रुमालात बांधले.

निघताना माईंनी हातानं विचारलं, आलं का नीट?

"एकदम बढिया, माई आत्या," तो म्हणाला. "टाकून दिलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मधुवंतीनं लाल पेनड्राइव टीव्हीला लावला. तो जसा दुकानातून आला होता तसाच होता, कोरा.

काय झालं ते समजायला फार वेळ लागला नाही. नीलकंठरावांनी मयुरेशकडून चौकटीतली बटणं वदवून घेतली आणि ते खुर्चीत बसले. प्रथम त्यांनी जे करायचं तेच केलं. "जतन म्हणजे मेहनत? अरे गाढवा, तुझ्या घरात मराठी बोलतात ना?"

"बोलतात, काका," मयुरेश म्हणाला. "म्हणून तर टाकून दिलं."

उमाबाईंनी सुद्धा टोमणा मारला नाही, यावरून काय ते ओळखावं.

मधुवंती म्हणाली, "आत्या आज भरती होतेय. ऑपरेशन उद्या सकाळी आहे. इंदूर किती लांब आहे, बाबा? मयूदादा, तू जा. फोन घेऊन जा. तिला सांग, हळू आवाजात म्हण, कुजबुजत म्हण. नाडी ने सोबत."

मयुरेश उठला सुद्धा.

"थांब," नीलकंठराव म्हणाले. "तिला ताण द्यायचा नाही. डॉक्टरांनी एकदाच म्हटलं होतं. आणि तिला सांगायचं काय? ऑपरेशनच्या आदल्या दिवशी? की तुझं गेलं ते गेलंच?"

हे सगळं खरं होतं. नीलकंठरावांच्या खरेपणाचा हाच घोळ होता, त्यात खोटं काही नसायचं. फक्त त्यांनी एक गोष्ट सांगितली नाही. इंदूरला जायचं तर माईंच्या खाटेशी उभं राहून ते बटण कुणी लिहिलं, हे सांगावं लागलं असतं. आणि मग फोनवर, साध्या फोनवर, परिचारिकांच्या चपलांच्या आवाजात तो पाळणा घ्यावा लागला असता.

"मी मिळवतो परत," ते म्हणाले. "पुसलेलं सगळं परत मिळतं. मार्ग असतात."

मागच्या खोलीत जाऊन त्यांनी दार लावलं आणि जगभरच्या त्या अनोळखी लोकांना लिहिलं. इंदूर तासाभरावर होतं. ते दिवसभर त्याहून फार लांबच्या माणसांशी बोलत बसले. मधुवंती व्हरांड्यात बसून होती, मयुरेश पायरीवर, गाडीची किल्ली हातात. संध्याकाळी कुणा भल्या माणसाचं उत्तर आलं. पेनड्राइववरून चालवलेल्या सिस्टिमचं सगळं तात्पुरत्या स्मृतीत असतं. मशीन बंद झाल्यावर तिथे काहीही उरत नाही, तुम्हाला हे माहीत असेलच. त्यांना माहीत होतं. त्याची तर त्यांनी बढाई मारली होती.

तोवर माईंच्या नाकात नळी गेली होती आणि भेटायची वेळ संपली होती.

मधुवंतीला मुलगी झाली. बारसं बाराव्या दिवशी केलं नाही. माई येईपर्यंत थांबायचं, असा तिचा हट्ट. मध्यंतरी नीलकंठराव इंदूरला अनेकदा जाऊन आले आणि प्रत्येक वेळी सांगायचं राहिलं. माईंच्या गळ्याला खाली एक भोक होतं, त्यावर पांढरा रुमाल. त्या हातानं विचारायच्या: पाळणा? नीलकंठराव मान हलवत. मान हलवण्याचं एक बरं असतं, ती कुठल्याच भाषेत नसते.

बारशाला माई धारहून आल्या त्या नवी साडी नेसून. पाळणा फुलांनी सजवलेला, मुलीला आत ठेवलेलं, कानात नाव सांगून झालं होतं. बायका भोवती उभ्या राहिल्या. माईंनी दोरी हातात घेतली, आणि कोपऱ्यात उभ्या असलेल्या मयुरेशकडे बघून भुवया उंचावल्या. लाव.

नीलकंठराव दाराशी होते. ते पुढे आले नाहीत.

मयुरेश पुढे आला. पाळण्याशी वाकून म्हणाला, "माई आत्या, मी टाकून दिलं."

माईंनी हसून मान हलवली. धारच्या मराठीत त्याचा अर्थ सरळ होता. त्या स्पीकरकडे तोंड करून वाट बघू लागल्या.

"नाही आत्या. तसं नाही." त्याला शब्द सापडेना. जो शब्द होता तो पुन्हा तेच सांगत होता. "मी... टाकून दिलं. तिथे लिहिलेलं, टाकून द्या."

माई अजून हसतच होत्या, जरा गोंधळून. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मधुवंतीनं तोंड फिरवलं. अखेर दाराशी नीलकंठरावांचा घसा खाकरला. घरात कुणी 'गाना' म्हटलं तरी ज्यांना खपत नसे ते नीलकंठराव म्हणाले, "माई, मिट गया. सब मिट गया."

ते माईंना लगेच कळलं.

मग माईंनी दोरी ओढली. पाळण्याची कडी वाजली. बायकांनी ध्रुवपद धरलं, धारेच्या तळ्याला झोप आली गं, आणि ते संपल्यावर त्या सगळ्या जणी पुढच्या ओळीच्या दाराशी येऊन थांबल्या. कुणी घोडा म्हणालं, कुणी कांकणं, चाल कुणाचीच जुळेना, मग गाणं विरलं. माई दोरी ओढतच राहिल्या. त्यांचे ओठ हलत होते, ओळीमागून ओळ, बरोबर जागी श्वास घेत; तो श्वास आता गळ्यावरच्या रुमालाखालून यायचा. कोणत्या कडव्यावर आहेत ते कुणालाच ओळखता येईना. पेढे फिरू लागले. मुलगी निजली, पण त्या ओढतच होत्या.

नीलकंठरावांनी त्याच आठवड्यात तो शब्द बदलला. खुल्या सॉफ्टवेअरचं हे चांगलं असतं, चूक सुधारायला कुणाची परवानगी लागत नाही. आता तिथे 'मिटवा' असं येतं. पुण्याच्या गृहस्थांनी लगेच कळवलं की ह्या अर्थी मिटवणे हे सरळसरळ हिंदी आहे, आपल्याकडून ही अपेक्षा नव्हती. नीलकंठरावांनी उत्तर दिलं नाही. शब्द त्यांनी राहू दिला.

मयुरेश आता सुट्टीच्या दिवशी धारला जातो. माई त्याला पाटीवर कडवी लिहून देतात, तो अक्षरं लावून वाचतो. शब्द सगळे आलेत. चाल विचारली की माई दोरी ओढल्यासारखा हात हलवतात, आणि तो त्या हाताकडे बघत राहतो.

तेव्हा कुणी काय भरलं ते असं. नीलकंठरावांची पुण्याची शाबासकी गेली. मयुरेशचे सुट्टीचे दिवस जातात. माईंचा आवाज दोनदा गेला, आधी घरच्या माणसांच्या हातून, मग इंदूरला. आणि त्या मुलीला, जिला यातलं काही ठाऊक नाही, नुसत्या ध्रुवपदावर निजायची सवय लागली आहे.